दोन मुलांना घेऊन मतदान: मोठ्याला आत सोडतात का?

गुरुवारी, १५ जानेवारी २०२६ ला पुण्यात महापालिकेचं मतदान. (किंक्रांतीच्या दिवशी! यावर सासूबाईंचं मत वेगळंच आहे, ते असो.) नवरा शिक्षक, म्हणजे ड्युटी ठरलेलीच. बुधवारी सकाळी साहित्य घ्यायला जाणार तो गुरुवारी रात्री उगवणार. सासूबाई गावी. घरात मी, दीड वर्षाची धाकटी आणि आठ वर्षांचा मोठा.

विधानसभेला धाकटी कडेवर होती, तिला कोणी काही बोललं नाही. मोठ्याला मात्र दारातल्या पोलिसाने अडवलं. मागच्या एक ताई "मी बघते" म्हणाल्या म्हणून निभावलं, पण आत सगळं लक्ष दाराकडे. यंदा तर प्रभागातल्या चार जागांसाठी (अ, ब, क, ड) चार मतं द्यायचीत, वेळ जास्त लागणार. शिवाय त्याला मशीन बघायचंच आहे. २०१७ च्या महापालिकेला तो पोटात होता, म्हणजे तसा एकदा आत जाऊन आलाय, पण ते तो धरत नाही.

कोणी मोठं मूल आत नेलंय का? की सरळ बाहेर कोणाकडे ठेवू?

---

जुना केंद्राध्यक्ष: ताई, लोकसभा-विधानसभेच्या १९६१ च्या नियमांत मतदारासोबत कडेवरचं मूल चालतं, असं स्पष्ट आहे. मी महापालिकेलाही तेच धरून चाललो. आठ वर्षांचा मुलगा कडेवरचा नव्हे. मी खोलीत येऊ द्यायचो, पुठ्ठ्याच्या आडोशामागे नाही. पण हे त्या त्या केंद्राध्यक्षावर, त्यामुळे शाई लावायच्या आधीच विचारा. आणि धाकटीचे हात धरा. अ, ब, क, ड चारही मतं झाल्याशिवाय लांब बीप येत नाही. मध्येच तिने एखादं बटण दाबलं तर ते मत परत घेता येत नाही.

कोथरूडकर: आडोशामागे नेऊ नकाच. माझ्या भाचीने बाहेर येऊन अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "आई, तू कपबशी का दाबलीस?" बाहेर टेबल टाकून बसलेल्यांनी माना वळवल्या.

सकाळची पाळी: ७.३० लाच जा, रांग लहान असते. आमच्या सोसायटीत दोन घरं आलटून पालटून जातात, एकीने मुलं सांभाळायची आणि दुसरीचा मोबाईलही. तो तसाही आत नेता येत नाही.

---

धागाकर्ती: मोबाईलचं डोक्यातच नव्हतं! शेजारच्या काकूंचं केंद्र वेगळं आहे, पण त्या आधी मत देऊन माझ्या शाळेच्या फाटकाशी थांबायला तयार झाल्यात. मोठ्याला खोलीत सोडतात का ते विचारीन, नाही तर तो काकूंपाशी. कपबशीचा किस्सा त्याला सांगितला. आता विचारतोय, "पण तिने खरंच कपबशी दाबली होती का?"