स्ट्रिंगमधली अक्षरं अ‍ॅरेत भरायचा लूप पोरांकडून हाताने लिहून घ्यावा का?

घंटाळीचा मास्तर
नौपाड्यात फर्स्ट इयर इंजिनियरिंगच्या पोरांना सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. शनिवारी एका पालकांनी अडवलं. ‘स्ट्रिंग कॉपी करणारं स्ट्रकॉपी हे फंक्शन आयतं असताना मुलीकडून एकेक अक्षर अ‍ॅरेत, म्हणजे ओळीने लावलेल्या घरांत, भरायचा लूप पाच-पाच वेळा का लिहून घेता?’ गृहस्थ स्वतः आयटीतले, त्यामुळे चहावर भागलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सीमध्ये स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असा वेगळा प्रकारच नाही. अक्षरांची रांग आणि शेवटी एक शून्य (‘0’ हा छापायचा आकडा नव्हे, शून्य किमतीचा बाइट, म्हणजे एक घर), बस्स. ते शून्य छापलं जात नाही, पण जागा खातं. रोमन लिपीत ठाणे लिहिलं तर अक्षरं ५, घरं लागतात ६. लूप हाताने लिहिताना पोरगं ते शून्य हमखास विसरतं, नावापुढे गार्बेज, म्हणजे मेमरीत आधी पडलेला कचरा, छापलं जातं, आणि मगच गोष्ट डोक्यात शिरते. आयत्या फंक्शनने ती कशी शिरणार?

महापे रिटर्न
सर, राग मानू नका. शून्य विसरलं की गार्बेज येतंच, हे कोणी सांगितलं? पुष्कळदा पुढच्या बाइटमध्ये योगायोगाने शून्यच पडलेलं असतं. आउटपुट अगदी स्वच्छ येतं. त्या पोराने काय धडा घेतला? शून्य लागत नाही! पुढे असंच एखादं पोरगं आमच्याकडे कामाला लागतं आणि त्याचा कोड तपासायचं माझ्या नशिबी येतं. लूपच्या अटीत ‘पेक्षा लहान’ लिहायचं तिथे ‘लहान किंवा समान’ लिहिलं की अ‍ॅरेच्या एक घर पलीकडे लिहून मोकळा. हाताने लिहिलेला असा लूप दिसला की मी आधी तो काढायला लावतो. आयत्या फंक्शनांची लायब्ररी हजारोंनी वापरून तपासलेली असते.

कोपरखैरणेची
‘लायब्ररी तपासलेली असते’ यावर आमचं एक आख्खं आठवडाअखेर गेलं आहे, म्हणून लिहिते. पत्त्याच्या रेकॉर्डमध्ये भागाच्या नावाला १० बाइट, त्याला लागूनच पिनकोड. नाव भरायला स्ट्रएनकॉपी, म्हणजे दिलेल्या मर्यादेपर्यंतच कॉपी करणारं फंक्शन, मर्यादा १०. सगळ्यांना वाटलं, मर्यादा दिली म्हणजे सुरक्षित. ठाणे, ऐरोली, वाशी बरोबर छापलं जायचं. घोडबंदर आलं की नावाला चिकटून पिनकोडचे सहा आकडे. रोमनमध्ये घोडबंदरची अक्षरं मोजून बघा, बरोबर १०. जागा भरली की स्ट्रएनकॉपी शेवटी शून्य ठेवतच नाही. छापणारा शून्य शोधत पिनकोडमध्ये घुसला. हे फंक्शन वापरणाऱ्याने लूप एकदा तरी हाताने लिहिला असता तर ‘शून्य कोण ठेवतंय?’ हा प्रश्न त्याला पडला असता.

महापे रिटर्न
ताई, चूक लायब्ररीची नाही, फंक्शन निवडणाऱ्याची. स्ट्रएनकॉपी हे ‘सुरक्षित स्ट्रकॉपी’ म्हणून जन्मलेलंच नाही. जुन्या युनिक्समध्ये फाइलच्या नावाला डिरेक्टरीत ठरावीक १४ बाइट असायचे. नाव छोटं असेल तर उरलेल्या घरांत शून्यं, पूर्ण १४चं असेल तर शून्याला जागाच नाही. त्या कामाला ते चपखल होतं. तुम्ही एसएनप्रिंटएफ हे मर्यादा पाळून मजकूर भरणारं फंक्शन वापरा. शून्य नेहमी ठेवतं, आणि मूळ स्ट्रिंग किती लांब होती तेही सांगतं, म्हणजे नाव कापलं गेलं का ते कळतं.

आणि शेवटी शून्य ठेवणारं स्ट्रएलकॉपी १९९८ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टममध्ये आलं, लिनक्सच्या ग्लिबसी या सीच्या लायब्ररीने ते २०२३ मध्ये घेतलं. मोठ्या मंडळींचं यावरचं भांडण पंचवीस वर्षं चाललं, आणि आपण ते फर्स्ट इयरच्या पोरांवर सोडतोय.

घंटाळीचा मास्तर
मग माझंच म्हणणं खरं ठरलं की! कोणतं फंक्शन कधी शून्य ठेवतं हे ज्याला कळायला हवं, त्याला आधी शून्य म्हणजे काय ते कळायला हवं.

ऐरोली सेम टू
काका लोक, भांडण चालू द्या. व्हायवाला एक्स्टर्नलने ‘स्ट्रकॉपी न वापरता कॉपी करून दाखव’ हेच विचारलं होतं. मी आधी अ‍ॅरेच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकून सरळ स्ट्रिंग ठेवली. कंपाइलच झालं नाही. मार्क गेले.

वाशीची जावावाली
आमच्याकडे जावात स्ट्रिंगला टू-चार-अ‍ॅरे म्हटलं की नवा अ‍ॅरे हातात येतो. शून्य नाही, कटकट नाही. पण पुरती सुटका नाही हं. मराठीत ‘घोडबंदर’ द्या. डोळ्यांना अक्षरं दिसतात ५, अ‍ॅरेची लांबी येते ७, कारण ओकार आणि अनुस्वार वेगळी घरं घेतात. तोच शब्द यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत ठेवून सीच्या लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनला विचारा, उत्तर २१. प्रत्येक खुणेला ३ बाइट. म्हणजे ताईंच्या १० बाइटांत स्ट्रएनकॉपीने ‘घोड’ बसेल आणि ‘ब’च्या तीन बाइटांतला एकच. तुमचं ते एसएनप्रिंटएफ शून्याला एक घर ठेवतं म्हणून इथे योगायोगाने ‘घोड’वर नीट कापेल, पण जागा ११ बाइट केलीत तर तेही ‘ब’ मध्येच कापणार आणि स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येणार. ‘एक अक्षर म्हणजे एक घर’ असं लूपमधून पोरांच्या डोक्यात बसवताय, तेही एकदा तपासा.

घंटाळीचा मास्तर
हे मान्य. माझ्या वहीत सगळी उदाहरणं रोमनच आहेत. महापेवाल्यांचा योगायोगाच्या शून्याचा मुद्दाही लागला. यापुढे असं करेन: १० घरांचा अ‍ॅरे, पहिल्या ९ घरांत फुल्या, दहाव्यात शून्य. मग लूप. शून्य विसरलं तर रोमन ठाणेपुढे चार फुल्या छापल्या जाणार म्हणजे जाणार, नशिबावर काही नाही.

महापे रिटर्न
फुल्या आवडल्या. पण एकदाच लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी एसएनप्रिंटएफ.

घंटाळीचा मास्तर
तीनदा. तिसऱ्यांदा घोडबंदर.