270 मिलिमीटर पावसात कुरणे हिरवी कशी राहतात? (खानदेश आणि ओरेगॉनचे उंचावरील वाळवंट)

प्रश्न (यावल तालुका)

नमस्कार. माझी मुलगी गेल्या ऑक्टोबरपासून मातीपरीक्षणाच्या कामासाठी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, हार्नी काउंटीत राहत आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. मात्र ही काउंटी जळगाव जिल्ह्याच्या दुपटीहून मोठी, सुमारे 26,500 चौरस किलोमीटरची असून 2020 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या जेमतेम साडेसात हजार भरली. मुलगी राहते ते बर्न्स हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,260 मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाऊस व बर्फ मिळून वर्षाला 270 मिलिमीटरच्या आसपासच पाणी पडते. तरीही तिने मे महिन्यात पाठवलेल्या छायाचित्रांत नदीकाठची कुरणे घोटाभर पाण्यात उभी आहेत. मी 22 वर्षांपासून अंगणातल्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद वहीत ठेवतो. आमच्याकडे बऱ्या वर्षी 700 मिलिमीटर पाऊस होतो, तरी मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो. याचा उलगडा कोणी करू शकेल का?

उत्तर (धुळे)

मी अनेक वर्षे भूगोल शिकवला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दोन्ही प्रदेश कोरडे असण्यामागे डोंगरांचा हात आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्प कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर रिकामे होते आणि हार्नी तिच्या पर्जन्यछायेत पडते. आपल्याकडे सह्याद्री तेच करतो. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतच पाहा. नंदुरबारमधल्या नवापूरला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर पूर्वेकडे आल्यावर धुळ्यातल्या शिंदखेड्यात कोरडवाहू शेतकरी आभाळाकडे पाहत बसलेला.

फरक पडतो तो पाण्याच्या वेळेचा आणि रूपाचा. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत, जोराने कोसळतो आणि काळ्या मातीचा वरचा थर फुगून बंद झाला की उरलेले पाणी नाल्यावाटे तापीला मिळते. तिकडे बरेचसे पाणी हिवाळ्यात बर्फ होऊन डोंगरावर थांबते. स्टीन्स पर्वत सुमारे 2,970 मीटर उंच आहे. त्याच्यावरचा आणि उत्तरेच्या डोंगरांवरचा बर्फ वसंतात आठवडेच्या आठवडे वितळत राहतो. ते पाणी समुद्राला जातच नाही, कारण हे खोरे चहूबाजूंनी बंद आहे. ते मालूर सरोवरात जाऊन थांबते. म्हणजे आपल्या मुलीला दिसलेली कुरणे त्या गावच्या पावसावर नव्हे, डोंगरावर साठलेल्या हिवाळ्यावर जगतात. कुरणांबाहेरच्या माळावर मात्र तिला सेजब्रश नावाचे राखाडी झुडूपच दिसत असेल.

उत्तर (अमळनेर)

मी पूर्व ओरेगॉनमध्ये दोन वर्षे राहून आलो आहे. वरील उत्तरात एक भर घालतो, ती रात्रीची. जुलैत बर्न्सला दुपारी 30 अंशांच्या आसपास ऊन असते, पण उंचावरच्या विरळ, कोरड्या हवेतून जमिनीची उष्णता भराभर निघून जाते आणि पहाटे स्वेटर शोधावा लागतो. भर उन्हाळ्यातही एखाद्या पहाटे गवतावर हिमकण दिसतात. जळगाव-भुसावळ मात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटरवर आहे. मेमध्ये पारा 45 अंशांजवळ जातो आणि मध्यरात्रीनंतरही गच्चीची फरशी तळव्याला गरम लागते. त्यामुळे आपल्याकडे जमिनीतील ओल रात्रंदिवस उडत राहते. म्हणून दोन्हीकडच्या मिलिमीटरची थेट तुलना करता येत नाही, असे मला वाटते.

तरीही ते लोक निश्चिंत आहेत असे समजू नये. त्यांनी कूपनलिका घेऊन मोठ्या प्रमाणावर लसूणघास लावला, भूजल खाली गेले आणि 2016 पासून राज्याला नव्या उपशाच्या परवानग्यांवर निर्बंध आणावे लागले.

उत्तर (रावेर तालुका)

दादा, लसूणघासाच्या जागी केळी लिहिली की हीच आपली कथा होते. माझी केळीची बाग सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. मेच्या गरम वाऱ्यात घड सटकतात, म्हणून कडेने शेवरी लावतो आणि घडावर वाळलेली पाने गुंडाळतो. पण पाणीच खोल गेले तर शेवरी काय करणार? बर्फ आपल्याला मिळणार नाही. परंतु डोंगराखालचा दगडगोट्यांचा आणि वाळूचा पट्टा, ज्याला बजादा म्हणतात, तो पाणी झपाट्याने पितो. आमच्या नाल्याचा पूर आम्ही चर काढून त्या पट्ट्यात वळवला. पहिल्या पावसाळ्यात चर गाळाने बुजला, तेव्हा मुखाशी गाळ बसण्यासाठी खड्डा करावा लागला. आता शेजारच्या दोन विहिरींना एप्रिलपर्यंत पाणी राहते. आपली जमीन पायथ्याच्या किती जवळ आहे, ते कळवावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. धुळ्याच्या सरांचे उत्तर वाचून पांझरेवरच्या फड पद्धतीची आठवण झाली. बंधाऱ्याने नदीचे पाणी वळवून पाटाने फडांत फिरवणे आणि त्या कुरणांत वितळलेला बर्फ पसरवणे यांत मला फार अंतर दिसत नाही. मुलीलाही तसे कळवले आहे.

रावेरच्या भाऊंना सांगायचे, तर आमची जमीन पायथ्यापासून चार किलोमीटरवर आहे आणि विहीर खणताना 30 फुटांखाली गोटे लागले होते. यंदा वहीत पावसाच्या आकड्याबरोबर तो किती तासांत पडला आणि नाला कोणत्या दिवशी वाहिला, हेही लिहीन. चराच्या मुखाचा खड्डा किती लांब-रुंद ठेवला, ते कृपया कळवावे. जूनपूर्वी काम सुरू करण्याचा विचार आहे.