थंडीतला लोंगर: प्लॅस्टिक नको

डिसेंबरात आलेल्या लोंगराला (केळीच्या घडाला) थंडी बाधू नये म्हणून अख्खी केळ प्लॅस्टिकने गुंडाळावी, असा सल्ला काही जण देतात. गोव्यात तरी हे करू नका. आमचं कुळागर (सुपारी-केळीची बाग) सत्तरी तालुक्यात आहे. पहाटे गारठा असतो, पण दुपारी ऊन तिशीपार जातं आणि प्लॅस्टिकच्या आत पानं अक्षरशः उकडतात. गारठ्यापेक्षा जास्त नुकसान करतो तो घाटाकडून येणारा कोरडा वारा. त्यानं पानं फाटतात, आळं सुकतं. आम्ही बुंध्याशी वीतभर पातेरा (सुका पालापाचोळा) घालतो, संध्याकाळी झऱ्याचं पाणी सोडतो आणि लोंगरावर केळीचीच सुकी पानं सैलसर बांधतो.

सहसा कोणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे काढणीची वेळ. साधारण १६ अंशांखाली केळीची वाढ जवळपास थांबते, त्यामुळे उन्हाळ्यात तीन महिन्यांत भरणारा लोंगर थंडीत चार महिने घेतो. दिवस मोजून आम्ही सालदाटी जातीच्या केळीचा एक लोंगर लवकर उतरवला होता, केळी पिकली पण चवच नव्हती. आता केळ्याच्या कडा गोल झाल्याशिवाय कोयता लावत नाही. तोवर बांबूचा टेकू मात्र हवाच.