गरम पाण्यात डुंबलात का कधी? अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आईला घेऊन दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यावर गेले होते. तिचे गुडघे धरतात, खाली बसली की उठवत नाही. उगमाचं पाणी 70 अंशांच्या आसपास, त्यात बोट घालायची सोय नाही. निवत निवत कुंडात येतं, तिथे बायका बसतात. पहिल्या पायरीवर आईने "अगो, चटका!" म्हणत पाय मागे घेतला. मग एकेक पायरी करत दहा मिनिटांत गळ्यापर्यंत! गंधकाचा वास नाकात बसला आणि तिची चांदीची जोडवी काळी पडली. पण बाहेर येताना कठडा न धरता चढली. संध्याकाळी दुखणं परत आलं, हेही सांगते. रात्री मात्र सलग झोपली.
कुंड, टब, घमेल्यात पाय सोडून बसणं, काहीही चालेल. लिहा.

संगमेश्वरकर : आमच्याकडे तुरळ आणि राजवाडीला अशीच कुंडं आहेत. जवळ ज्वालामुखी वगैरे काही नाही हो. पावसाचंच पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. आजोबा थंडीत रोज पहाटे जायचे. हल्ली लोक शाम्पूच्या पुड्या तिथेच टाकून जातात, ते बघवत नाही.

ओसाकावासी : इथल्या ओन्सेनात, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, आधी स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, मगच पाण्यात उतरायचं. तेही बिनकपड्यांचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पहिल्या दिवशी समोर आमचे साहेब! पाच मिनिटांत 42 अंशांत लाज विरघळली.

जर्सीचा बाळू : परसात हॉट टब, बाहेर बर्फ, हातात बिअर. पाऊण तासाने ताडकन उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी. बायकोने धरलं म्हणून वाचलो. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, त्यात दारू. आता 40 अंशांच्या वर नाही, पंधरा मिनिटं बास, आणि उठताना आधी काठावर टेकायचं.

फिजिओताई : गळ्याइतक्या पाण्यात सांध्यांवर वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो, म्हणून काकूंना हलकं वाटलं. उबेने स्नायूही सैल पडतात. तेवढ्यात गुडघे हळूहळू वाकवून घ्यायचे, खरा फायदा त्यात. संधिवात मात्र याने जात नाही. गरोदर बायका आणि हृदयविकाराचे रुग्ण, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मधुमेहात पायांची जाणीव कमी झालेली असू शकते, भाजलेलं कळत नाही. पाणी दुसऱ्याने हाताने बघावं.
झोपेसाठी म्हणाल तर निजायच्या तासदीड तास आधी. नंतर अंग निवत जातं, तेव्हा झोप येते.

धागाकर्ती : आईला वाचून दाखवलं. तिला साखर आहेच, त्यामुळे पुढच्या खेपेला आधी माझा हात. तिचा प्रश्न वेगळाच आहे : जोडवी कशाने उजळतील?

संगमेश्वरकर : चिंच तांब्या-पितळेला, चांदीला नाही. भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घाला, जोडवी फॉइलला टेकवून ठेवा.