मदत हवी आहे : आना विसीचा ‘क्राव्यी’ हा डबल अल्बम – मूळ सीडी, गाण्यांचा क्रम आणि ताल

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या श्रवणसत्रात ग्रीक लोकप्रिय संगीतावर बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. नाट्यसंगीत, गझल, एकदा पोर्तुगालचं फादो असं बरंच काही इथे ऐकून झालं आहे. मी आना विसी या गायिकेचा ‘क्राव्यी’ निवडला. इंग्रजी स्पेलिंगवरून बरेच जण ‘क्रावगी’ म्हणतात, शोधताना तसंही सापडतं. नुसतं ‘ही गाणी कुठे मिळतील’ असं विचारलं तर लिंका येतील. मला लिंका नको आहेत, म्हणून आधी थोडं सविस्तर सांगते.

आना विसी मूळची सायप्रसची, जन्म १९५७. युरोव्हिजन या देशादेशांमधल्या गाण्याच्या स्पर्धेत ती १९८० साली ग्रीसकडून उतरली, १९८२ मध्ये सायप्रसकडून (तेव्हा पाचवी आली) आणि २००६ मध्ये अथेन्सलाच भरलेल्या स्पर्धेत पुन्हा ग्रीसकडून. पण तिचं खरं मोठेपण स्पर्धांत नाही, तिच्या ग्रीक अल्बमांत आहे. त्यातलं बहुतेक काम निकोस कार्वेलास या संगीतकाराबरोबरचं. दोघांचं लग्न १९८३ मध्ये झालं, १९९२ मध्ये मोडलं, आणि तरीही पुढे अनेक वर्षं तो लिहीत राहिला, ती गात राहिली. नव्वदच्या दशकातलं तिचं सगळ्यांत गाजलेलं काम या वेगळं झाल्यानंतरचं आहे. ती गाणी मी ऐकते तेव्हा ही गोष्ट मनातून जात नाही.

‘क्राव्यी’ डिसेंबर २००० मध्ये सोनी म्युझिकने काढला. शब्दाचा अर्थ आकांत, किंकाळी. दोन सीडींचा संच, आणि तो विक्रीत अनेक पट प्लॅटिनम ठरला. त्याआधी १९९६ मध्ये ‘क्लीमा त्रोपिको’ हाही तिचा डबल अल्बमच होता. ग्रीस आणि सायप्रस मिळून माणसं किती? तेव्हाच्या मुंबई महानगराहूनही कमी. एवढ्याशा बाजारात दोन सीडींचा महागडा संच काढायचा आणि तो घराघरांत पोचायचा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. एका सीडीत ऐंशी मिनिटांच्या आसपास संगीत मावतं. दुसरी सीडी काढायची म्हणजे ऐकणाऱ्याला उठून ती बदलायला लावायची, आणि त्याने उठावं इतकं काहीतरी तिच्यात असायला हवं.

अडचण इथेच आहे. ऑनलाइन ऐकताना सगळी गाणी एका यादीत सलग वाजतात. पहिली सीडी संपली, दुसरी सुरू झाली, हे कळतच नाही. शिवाय ‘आगापी इपेरवोलिकी’सारखी गाजलेली गाणी निवडक गाण्यांच्या संग्रहांतही आहेत, आणि शोधलं की आधी तेच संग्रह वर येतात. मला आमच्या सत्रात ‘टॉप पाच’ वाजवायची नाहीत. पहिली सीडी, मध्यंतर, मग दुसरीतली निवडक, असं ऐकवायचं आहे. अभंगवाणीच्या कार्यक्रमात रूपाच्या अभंगाआधीच भैरवी घेतली तर कसं वाटेल, तसं या गाण्यांचं व्हायला नको.

म्हणून हवं आहे ते असं : मूळ दोन सीडींचा संच, आतल्या पुस्तिकेसकट, सेकंडहँड चालेल, कसा मिळवावा आणि घेताना काय तपासावं? दुसरं, ग्रीक गाण्यातले ताल कानाने ओळखायची काही युक्ती आहे का? आमच्याकडे निम्मे श्रोते तबला-पेटीवाले आहेत, ते विचारणारच. आणि वाचनालयात असं संगीत वाजवायला परवानगी लागते का?

– समईची वात


दर्यावर्दी

ताई, मी मर्चंट नेव्हीत इंजिनीअर होतो. ग्रीक मालकांच्या जहाजांवर बरीच वर्षं काढली, त्यामुळे पिरेयस बंदर आणि अथेन्स ओळखीचं आहे. सीडीबद्दल इतर सांगतील. श्रोत्यांना ‘बुझुकिया’बद्दल मात्र नक्की सांगा, त्याशिवाय ही गाणी अर्धीच कळतील.

बुझुकिया म्हणजे रात्रीची मोठी संगीतगृहं. बुझुकी या तंतुवाद्यावरून नाव पडलं. मोठे गायक हिवाळाभर तिथे गातात, आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री, मध्यरात्र उलटून पहाटेपर्यंत. उन्हाळ्यात मग बेटांवर आणि उघड्या रंगमंचांवर दौरे. डिसेंबरात आलेला अल्बम ऐन मोसमात त्या रंगमंचावर जातो, आणि लोक ती गाणी गायिकेबरोबर मोठ्याने म्हणतात. सगळे शब्द पाठ असतात. पूर्वी गाण्याच्या भरात बशा फोडायचे. १९६९ साली लष्करी राजवटीने त्यावर बंदी आणली. आता फुलं उधळतात, बहुतेक लवंगी वासाची कार्नेशनं. ती तबकांत भरून विकायला आणतात आणि थोड्या वेळात गायिकेच्या पायाशी ढीग होतो.

हे सांगायचं कारण असं की या संगीताला तिथे ‘लाइको’ म्हणतात, म्हणजे लोकांचं. विसीच्या गाण्यांत इलेक्ट्रॉनिक ठेका, रॉक गिटार हे सगळं येतं, पण गळ्यातली ती ओढ लाइकोचीच आहे. नुसतं ‘पॉप’ म्हणून ओळख करून दिलीत तर श्रोते भलतंच काही ऐकायला बसतील.


नऊमात्रा

तालाचं मी सांगतो. तबला शिकवतो आणि गेली काही वर्षं ग्रीक-तुर्की ताल ऐकतो आहे.

चार प्रकार लक्षात ठेवलेत तर पुरे. झेइबेकिको नऊ मात्रांचा, संथ, जड. दोन-दोन-दोन-तीन असं मोजून पाहा. शेवटच्या तीनवर पाऊल लांबतं तिथे तो हाती लागतो. हा एकट्याने करायचा नाच. एक जण उठतो, बाकीचे भोवती गुडघ्यावर बसून टाळ्या देतात, आणि मध्ये दुसऱ्याने घुसणं अपमानाचं मानतात. हीच मोजणी जलद लयीत घेतली की तो कार्सिलामास. हासापिको दोन किंवा चार मात्रांचा, सरळ चालीचा, खांद्यावर हात टाकून रांगेत नाचायचा. त्सिफ्तेतेली चारचा पण पोटात घुमणारा, पूर्वेकडचा. आपल्या ढोलकीवाल्याचा हात तो ऐकताच शिवशिवेल. आधुनिक ग्रीक नाचगाण्यांत त्सिफ्तेतेलीचा अंश सगळ्यांत जास्त भेटतो.

तुमच्या तबलेवाल्यांसाठी एक जोड देतो. कालामातिआनोस नावाचं ग्रीक लोकनृत्य सात मात्रांचं आहे, तीन-दोन-दोन. म्हणजे आपल्या रूपकाचीच विभागणी. रूपकाची खाली समेवर असते हा फरक आहे, पण त्यांना आधी कालामातिआनोस मोजायला लावा, मग झेइबेकिको. नऊ आपोआप सोपे जातील.

यातले झेइबेकिकोसारखे ताल १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत आशिया मायनरमधून (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून) आलेल्या निर्वासितांबरोबर ग्रीसच्या बंदरांत घट्ट रुजले. रेबेतिको हे बंदरांतलं शहरी लोकसंगीत त्यातूनच बहरलं, आणि पुढे लाइको. एकूण दहा लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून आली होती. त्यांची गाणी जड का आहेत हे सांगायला वेगळं काही लागत नाही.


यारा नदीकाठची

मेलबर्नहून लिहितेय. इथे ग्रीक वस्ती खूप मोठी आहे, ओकली भागात तर दुकानांच्या पाट्याही ग्रीक. आमच्या शेजारच्या आजींकडे विसीच्या सीडी आहेत, त्यांना ‘क्राव्यी’बद्दल विचारते. विकत घ्यायचं असेल तर :

शोध ग्रीक लिपीत घ्या. गायिकेचं आणि अल्बमचं नाव ग्रीकमधून कॉपी करून टाकलंत की ग्रीसमधले विक्रेते दिसतात. इंग्रजी स्पेलिंगने अर्धेच सापडतात. डिस्कॉग्ज या साइटवर अल्बमची प्रत्येक आवृत्ती वेगळी नोंदलेली असते. कव्हरच्या कण्यावरचा कॅटलॉग क्रमांक आणि सीडीच्या आतल्या कड्यावर कोरलेला क्रमांक यांचे फोटो विक्रेत्याकडून मागवा. दोन्ही सीडी आहेत ना, हे शब्दांत लिहून घ्या. डबल अल्बमांत एक सीडी दुसऱ्याच डबीत गेलेली असणं फार सर्रास चालतं. पुस्तिकेच्या पानांना ओल लागलेली नाही ना, तेही विचारा, कारण गाण्यांचे शब्द तुम्हाला लागतील. भारतात पाठवणार का आणि कस्टम्स कोण भरणार, हे पैसे देण्याआधी ठरवा.

गाण्यांचा क्रम तर सीडी येण्याआधीही मिळेल. डिस्कॉग्जच्या नोंदीत पहिली आणि दुसरी सीडी वेगळी मांडलेली असते. त्याप्रमाणे तुमच्या ऑनलाइन ॲपमध्ये दोन याद्या करून ठेवा.


पायरीवरचा वकील

परवानगीबद्दल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये अपवाद दिलेले आहेत. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबने किंवा तशा संस्थेने आपल्या कामाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण वाजवणं त्यात येतं. तुमचं वाचनालय नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल, तिकीट नसेल, सत्र सभासदांसाठी असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. मात्र हॉल भाड्याने घेऊन, जाहिरात करून, देणगी-प्रवेशिका लावून केलंत तर चित्र बदलतं; मग ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा आणि गीत-संगीताचा वेगळा, दोन्ही पाहावे लागतील. सत्राचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणार असाल तर गाणी काढून फक्त तुमचं बोलणं ठेवा. कार्यकारिणीचा ठराव आधी लिहून घ्या.


समईची वात

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, सत्र सभासदांसाठीच आहे, तिकीट नाही; ठराव या रविवारच्या बैठकीत घेते. नऊमात्रा, आधी सात आणि मग नऊ हा क्रम मी जसाच्या तसा घेणार आहे. दर्यावर्दी काका, बुझुकियाबद्दल तुमच्याच शब्दांत वाचून दाखवलं तर चालेल का?

आता एकच राहिलं. यारा नदीकाठची, आजींकडे ‘क्राव्यी’ सापडला, तर पुस्तिकेतल्या शब्दांच्या पानांचे फोटो मला पाठवाल का? आमच्यातली एक मुलगी ग्रीक शिकते आहे. पहिल्या सीडीतल्या तीन-चार गाण्यांचा आशय ती मराठीत सांगणार आहे, आणि ऐकून उतरवलेल्या शब्दांवर अवलंबून राहायला ती तयार नाही. मलाही तेच योग्य वाटतं.


यारा नदीकाठची

आजी हो म्हणाल्या, संच आहे. शनिवारी जाते. कोणत्या गाण्यांची पानं हवीत ते त्याआधी कळवा, नाहीतर सगळीच पाठवते. त्यांचं एक म्हणणं आहे : दुसरी सीडी घाईत उरकू नका, तिला पहिलीइतकाच वेळ द्या.