डेव्हिड शेफर्डचे हत्ती: चित्रकला की नुसतं हुबेहूब?

मृण्मयी:
वन्यप्राण्यांची चित्रं काढणाऱ्या ब्रिटिश चित्रकार शेफर्डला कॅलेंडरवाला म्हणून उडवून लावतात ना, मला ते अजिबात पटत नाही. १९४९ला गेम वॉर्डन, म्हणजे वन्यप्राण्यांचा रखवालदार, व्हायचं म्हणून केनियाला गेला, तिथे नकार, परत येऊन लंडनच्या स्लेड या कलाशाळेत अर्ज केला, तिथेही नकार. मग चित्रकार रॉबिन गुडविनकडे शिकत तीन वर्षं घासली. विमानं रंगवायचा म्हणून १९६०ला रॉयल एअर फोर्सने केनियात नेलं तर तिथले लोक म्हणाले विमानं आम्ही रोजच उडवतो, इथले प्राणी काढ की. पहिलं चित्र धावपट्टीवरचा गेंडा, २५ पौंड मिळाले. त्याच सुमारास विष कालवलेल्या पाणवठ्याभोवती २५५ झेब्रे मरून पडलेले बघितले त्याने, आणि मग आयुष्यभर प्राण्यांसाठी पैसे उभे केले.

रंगारी:
कळवळा मान्य, पण चित्राचं बोला. सुरकुती न सुरकुती काढली म्हणजे झालं का? हत्ती समोरून, कान पसरलेले, मागे धूळ, एक बघितलं की पुढची दहा ओळखता येतात. स्वीडनचा चित्रकार लिलियेफोर्स बघा, त्याचा बर्फातला ससा आधी शोधावा लागतो कारण जंगलात तो तसाच दिसतो. माझ्या मते शेफर्डचं खरं काम म्हणजे काजळी माखलेल्या इंजिनशेडची चित्रं. १९६७ला दोन वाफेची इंजिनं विकत घेतली त्या माणसाने, तो जीव त्या चित्रांत दिसतो.

मृण्मयी:
हत्ती ज्या मातीत लोळतो तिचाच रंग अंगावर घेऊन फिरतो, हे तिथे तासन्‌तास उभं राहिल्याशिवाय कळत नाही दादा, फोटोवरून गिरवून तर नाहीच नाही. आणि १९७३ला ‘टायगर फायर’च्या प्रिंट विकून १,२७,५०० पौंड आपल्या व्याघ्र प्रकल्पाला दिले, एका चित्राच्या जोरावर!

पक्या अमरावतीकर:
ताई, पैशाबद्दल आदर आहेच. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आमचं मेळघाट होतं, वाघ टिकला ही मोठी गोष्ट आहे. पण असल्या चित्रांत जंगल कायम रिकामं, नुसता वाघ आणि गवत. मेळघाटात कोरकू आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पुढे त्यांची काही गावं उठवली. जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा हे शहरातल्या लोकांच्या डोक्यात कुठून आलं? भिंतीवरच्या अशा चित्रांतूनपण आलं, असं मला वाटतं.

मृण्मयी:
गावं उठवायचा निर्णय सरकारचा, त्याचं खापर चित्रकारावर कसं फोडणार?

रंगारी:
खापर नाही हो, पण चौकटीतून काय वगळायचं हे तर चित्रकारच ठरवतो ना. इथे पक्याचं बरोबर आहे.

मृण्मयी:
हं, हे मात्र खरंय. माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

पक्या अमरावतीकर:
कोरकू बाई मोहाची फुलं वेचतेय आणि पलीकडे गवतात वाघ बसलाय, असं चित्र कोणी एवढ्याच बारकाईने काढलं तर मी पहिला विकत घेईन.