आपले पान कोणी पाहिले, हे सदस्यांना दाखवावे का?

अनगोळचा वाटसरू

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातील मराठी माणसांसाठी आम्ही चार मित्र मिळून काही वर्षांपासून एक लहानसे संकेतस्थळ चालवतो. जुन्या पुस्तकांची देवघेव, कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा येथील साहित्य संमेलनांच्या सूचना, नोकरीच्या जाहिराती आणि भरपूर गप्पा, एवढाच त्याचा पसारा. प्रत्येक सदस्याचे एक स्वतंत्र पान असते आणि त्यावर नाव, गाव, शिक्षण, व्यवसाय आणि इच्छा असल्यास छायाचित्र असते. हे पान केवळ सदस्यांनाच उघडता येते.

अलीकडे बऱ्याच सदस्यांची एकच मागणी येत आहे, ती म्हणजे आपले पान कोण पाहून गेले हे आपल्याला कळावे. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही, कारण कोणी कोणते पान केव्हा उघडले याची गेल्या सहा महिन्यांची नोंद सर्व्हरवर पडूनच आहे आणि ती उद्यासुद्धा दाखवता येईल. माझे मन होकाराकडे झुकते. आपल्या गल्लीत कोणी दाराशी थांबून आत डोकावले, तर सोप्यात बसलेल्या माणसाला ते दिसतेच, मग इथे का दिसू नये, असे मला वाटते. तरीही निर्णयापूर्वी जाणकारांना विचारावेसे वाटले. पाहणाऱ्याचे नाव दाखवावे की केवळ संख्या? ते पानाच्या मालकालाच दिसावे की सर्वांना? आणि ज्यांना आपली भेट कळू द्यायची नाही, त्यांचे काय करावे?

जुना संगणकवाला, शहापूर

आपल्या प्रश्नाला बराच इतिहास आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ऑर्कुट या समाजमाध्यमावर अलीकडे भेट देऊन गेलेल्यांची नावे दिसत असत. त्या काळी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून एखाद्या वर्गमैत्रिणीचे पान चोरून पाहणाऱ्या आमच्यासारख्यांची दुसऱ्या दिवशी कॉलेजात काय शोभा होत असे, ते मी इथे सविस्तर लिहीत नाही. मात्र ऑर्कुटचा एक नियम न्याय्य होता. आपली भेट लपवायची असेल तर लपवता येत असे, परंतु मग आपल्याकडे कोण येऊन गेले तेही आपल्याला दिसत नसे. लिंक्डइनने पुढे हेच तत्त्व ठेवले असून तिथे विनामूल्य खाते असलेला सदस्य पूर्णपणे खासगी राहून इतरांची पाने पाहू लागला, तर त्याला स्वतःच्या पानावर आलेल्यांची यादी मिळत नाही. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा २०१४ मध्ये आल्या आणि त्यांचाही व्यवहार असाच देवघेवीचा आहे.

याउलट व्हीबुलेटिन नावाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या जुन्या चर्चास्थळांमध्ये सदस्याच्या पानाच्या कडेला शेवटच्या दहा पाहुण्यांची नावे येणाऱ्या प्रत्येकाला दिसत असत. म्हणजे अमुक व्यक्ती तमुक व्यक्तीचे पान पाहते, हे तिसऱ्यालाही कळे. ही पद्धत आपण मुळीच स्वीकारू नये. फेसबुकने दुसरे टोक धरले आहे. तिथे आपले पान कोण पाहते हे सांगण्याची सोय नाही, आणि नेमक्या त्याच कुतूहलाचा फायदा घेऊन पासवर्ड उकळणाऱ्या फसव्या जोडण्या वर्षानुवर्षे फिरत आहेत. आपण ही सोय दिली किंवा नाही दिली, तरी अशा फसवणुकीबद्दल सदस्यांना एक सूचना अवश्य द्यावी.

माझे मत असे, की ऑर्कुटचा नियम घ्यावा, नावे केवळ पानाच्या मालकाला दाखवावीत आणि कामाला लागावे.

मलप्रभेकाठी, खानापूर

संगणकवाले काकांच्या माहितीबद्दल आदर ठेवून मला मूळ प्रश्नातील गल्लीच्या उपमेवरच थोडे बोलायचे आहे. गल्लीत डोकावणाऱ्यालाही ठाऊक असते की सोप्यात कोणीतरी बसलेले आहे आणि आपण दिसत आहोत. म्हणून तो जपून डोकावतो किंवा डोकावतच नाही. आपल्या संकेतस्थळावर गेले सहा महिने लोकांनी जी पाने उघडली, ती आपल्याला कोणी पाहत नाही या समजुतीने उघडली. आता ती जुनी नोंद मालकांपुढे ठेवणे म्हणजे रस्त्यावरच्या घरांतील लोक झोपले आहेत असे सांगून माणसाला रस्त्याने जाऊ द्यायचे आणि मागाहून त्याची पावले मोजून दाखवायची. ही सोय सुरू झालीच, तर ती ठरलेल्या दिवसापासून पुढच्या भेटींपुरती असावी. जुनी नोंद कोणालाही न दाखवता पुसून टाकावी, कारण ती पडून राहिली तर उद्या कोणाला तरी तिचा मोह होईल.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे आणि ती स्पष्ट लिहिलेली बरी. मी सरकारी शाळेत शिकवते. सीमाप्रश्नाच्या चळवळीत असलेले कितीतरी कार्यकर्ते आपल्या संकेतस्थळाचे सदस्य आहेत, त्यांतील काही माझे नातेवाईक आहेत आणि त्यांचे लेखन मी वाचते. वाचणे हा काही अपराध नव्हे. तरीही अमुक शिक्षिकेने अमुक कार्यकर्त्याचे पान महिन्यात किती वेळा उघडले, याची यादी त्या कार्यकर्त्याच्या मोबाईलवर असावी आणि तिचे चित्र कोणत्याही गटात फिरावे, ही कल्पना माझ्यासारखीला स्वस्थ बसू देत नाही. तो कार्यकर्ता भला असेल, पण त्याचा मोबाईल कोणाच्या हाती पडेल याची हमी कोण देणार? अशी यादी सुरू झाली, तर माझ्यासारखे अनेकजण पाने उघडणेच सोडून देतील आणि त्याची नोंद मात्र कुठेच होणार नाही.

लिंक्डइनवर एक मधला मार्गही आहे. तिथे नाव न सांगता पाहणाऱ्याचे केवळ पद किंवा संस्था दाखवता येते. लाखो लोकांत तो पडदा चालतो. आपल्याकडे 'खानापूर तालुक्यातील एक शिक्षिका' एवढे लिहिले, की कोण ते ओळखायला कोणालाही फार वेळ लागणार नाही. केवळ संख्या दाखवली तरी तेच. मी संमेलनात एखाद्या बाईंशी बोलले आणि त्याच रात्री त्यांच्या पानावरचा आकडा तीनवरून चारवर गेला, तर चौथी मीच हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

निपाणीची वाचक

मलप्रभेकाठच्या ताईंचे म्हणणे मला पटते, परंतु ही मागणी करणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि माझे कारण कुतूहलाचे नाही. दुसऱ्या एका संकेतस्थळावर, त्याचे नाव इथे घेत नाही, माझ्या पानावर मी केवळ गाव आणि नोकरीचे क्षेत्र लिहिले होते. एका अनोळखी माणसाने ते पान बराच काळ रोज पाहिले आणि मी छायाचित्र बदलले की त्याच दिवशी त्यावर बोलणारा संदेश तो मला पाठवत असे. कोण पाहते हे मला तेव्हा दिसत असते, तर पहिल्या आठवड्यातच मी त्याला अडवले असते. आमच्याकडे स्थळ पाहण्यासाठीही लोक अशी पाने उघडतात, हे आपण सर्वजण जाणतो. मुलीचे पान दहा घरांतून पाहिले जाते आणि मुलीला त्याचा पत्ता नसतो. पाहणारा निर्धास्त आणि जिला पाहिले जाते ती अंधारात, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे पाहणाऱ्याच्या एकांताची काळजी करताना जिचे पान आहे तिचाही विचार व्हावा, एवढीच विनंती.

आणि ऑर्कुटचा नियम मला उपयोगाचा नाही. जो माणूस माझ्या पाळतीवर आहे, त्याला स्वतःच्या पानावर कोण येते याच्याशी काय देणेघेणे? तो भेट लपवण्याचे बटण दाबेल आणि खुशाल पाहत बसेल. देवघेवीचा नियम सज्जनांनाच बांधतो.

जुना संगणकवाला, शहापूर

निपाणीच्या ताईंनी माझ्या मताला पडलेले भोक नेमके दाखवले, ते मान्य करतो. दोघींचे म्हणणे सांभाळणारा एक मार्ग सुचतो. पान उघडल्यानंतर मालकाला कळवण्याऐवजी पान उघडण्यापूर्वी पाहणाऱ्याला सांगावे. म्हणजे ज्या सदस्याला आपल्याकडे कोण आले ते कळायला हवे, त्याने आपल्या पानावर तशी निवड करावी. त्या पानाच्या दुव्यावर बोट ठेवताच पाहणाऱ्यापुढे एक ओळ यावी, की आपण हे पान उघडल्यास आपले नाव त्याच्या मालकाला दिसेल. उघडायचे असेल त्याने उघडावे, नसेल त्याने मागे फिरावे, आणि मागे फिरल्याची नोंद ठेवू नये. दाराची कडी वाजवून आत जाण्यासारखे हे आहे. ज्यांनी ही निवड केली नाही, त्यांच्या पानावर कोणाचीच नोंद होणार नाही. लपून येण्याचे बटण मग लागतच नाही.

करताना काही खाचखळगे लागतील. नोंद तीनच गोष्टींची ठेवावी: पाहणाऱ्याचा सदस्य क्रमांक, ज्याचे पान पाहिले त्याचा क्रमांक आणि तारीख. घड्याळातली वेळ ठेवू नये, कारण रात्री दोन वाजता पान पाहिले हे कळण्यातून भांडणांखेरीज काही निष्पन्न होत नाही. एकाच दिवशी एकाच माणसाने दहा वेळा पान उघडले तरी नोंद एकच राहावी, म्हणून डेटाबेसमध्येच अनन्यतेची अट घालावी, म्हणजे या तिन्ही गोष्टी तशाच असलेली दुसरी नोंद तो स्वीकारणारच नाही. ताईंना हवी ती खूण, म्हणजे रोज येणारा माणूस, तारखांवरूनही उघडी पडते. नावावर बोट ठेवले की तरंगणारी छोटी चौकट ही भेट समजू नये, पण मग त्या चौकटीत नावापलीकडे काही दाखवूही नये, नाहीतर लोक तिच्यातूनच डोकावतील. काही ब्राउझर पुढची पाने आधीच मागवून ठेवतात, तीही भेट नव्हे. तीस दिवसांपूर्वीच्या नोंदी रोज रात्री आपोआप पुसल्या जाव्यात, आणि ज्याला मालकाने अडवले आहे त्याला ते पान उघडताच येऊ नये. खाते बंद करणाऱ्याच्या नोंदी सगळ्या याद्यांतून त्याच दिवशी जाव्यात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही प्रोग्रॅमने सुटणार नाही. आपल्याकडे अनेक घरांत एकच मोबाईल चार माणसांच्या हातांतून फिरतो. यादीत मुलाचे नाव येईल आणि पाहिलेले असेल आत्याने. म्हणून यादीच्या डोक्यावर 'यांनी आपले पान पाहिले' असे न लिहिता 'या खात्यांवरून आपले पान उघडले गेले' असे लिहावे.

चिकोडीचे मास्तर

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे ठरवले, आणि २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कोणत्या हेतूने घेतली जाते हे आधी सांगणे आणि त्या हेतूपुरतीच संमती घेणे, हा त्या कायद्याचा गाभा आहे. सर्व्हर नीट चालावा म्हणून ठेवलेली नोंद सदस्यांच्या कुतूहलासाठी वापरणे त्यात बसवणे कठीण, म्हणून खानापूरच्या बाईंचे जुन्या नोंदीबद्दलचे म्हणणे केवळ सभ्यतेचे नाही. त्याच कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या वावरावर पाळत ठेवण्याला मनाई आहे. आपल्याकडे दहावी-बारावीची मुले पुस्तकांसाठी येतात. त्यांची खाती या यादीत कोणत्याच बाजूने येऊ देऊ नयेत.

संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांत वाचण्याचा पर्याय असावा, असेही कायदा सांगतो. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या परिशिष्टात आहेत. आपल्या सदस्यांतील बरीच तरुण मुले कन्नड माध्यमात शिकली आहेत. ती मराठी बोलतात, पण कायदेशीर वळणाचे मराठी वाक्य वाचताना अडखळतात. सूचना दोन्ही भाषांत ठेवावी. यात कोणी अस्मिता आणू नये.

अनगोळचा वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही चौघे बसलो आणि पहिले काम म्हणून सहा महिन्यांची जुनी नोंद पुसली. एका मित्राला ते जिवावर आले, पण त्यानेच शेवटी कळ दाबली. कडी वाजवण्याची पद्धत आम्ही स्वीकारत आहोत. ती सुरुवातीला सर्वांच्या पानांवर बंद असेल, ज्याला हवी तो सुरू करील, आणि सुरू केल्यापासूनच्याच भेटी त्याला दिसतील. अमुक आपले पान पाहून गेला असे कळवणारे ईमेल पाठवावेत, अशीही एक सूचना आली होती, ती आम्ही बाजूला ठेवली. ज्याला पाहायचे आहे त्याने स्वतः येऊन यादी उघडावी.

मलप्रभेकाठच्या ताईंची भीती यातून पूर्णपणे जात नाही, हे मला दिसते. कार्यकर्त्याने आपल्या पानावर कडी लावली, तर ताईंना तिथून मागे फिरावे लागेल. म्हणून सदस्यांचे लेख पानाबाहेर, सर्वांसाठीच्या विभागात ठेवत आहोत, जिथे वाचणाऱ्याची कोणतीही यादी नसेल. पानावर उरेल ती केवळ व्यक्तिगत माहिती.

सूचनेचा मसुदा असा केला आहे: 'या पानाच्या मालकाने भेटींची यादी सुरू केली आहे. आपण पुढे गेल्यास आपल्या खात्याचे नाव आणि आजची तारीख त्यांना तीस दिवस दिसेल. मागे फिरल्यास काहीही नोंदले जाणार नाही.' मास्तर, याचे कन्नड आपण करून द्याल का? आमच्या चौघांचे कन्नड बाजारापुरतेच आहे.

चिकोडीचे मास्तर

करून देतो. रविवारपर्यंत थांबा, सध्या पेपर तपासणी चालू आहे. 'भेट' हा शब्द मात्र मसुद्यातून काढा. कोणी आपल्याला भेटायला आले असे वाचून वयस्कर माणसे घोटाळ्यात पडतील. 'पान उघडल्याची यादी' असे सरळ लिहा.